चौदा नंबरच्या खांबाखालची शेवंती

दिवाळीचा पाडवा उलटून तीन दिवस झाले, तरी चांगुणाबाईंच्या पांढऱ्या शेवंतीला कळी नव्हती. झाडं मात्र अशी माजली होती, की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागावी. पानं रुंद, काळपट हिरवी, देठ बोटाएवढे जाड. वाकून शेंडा बघावा, तर पुन्हा पानच. त्यांच्याच रानात मागच्या बाजूला, ओढ्याच्या अंगाला, झिपरी नावाची पिवळी शेवंती दसऱ्याला तोडून झाली होती आणि दुसऱ्या तोड्याला आली होती. पुढच्या बारा सऱ्यांतली पांढरी, रस्त्याला लागून, ती तशीच उभी.

नगरहून पुण्याकडे निघालं, की केडगाव ओलांडल्यावर बोरमळ्याचा फाटा लागतो. तिथली निम्मी घरं फुलांवर जगतात. शेवंती बी टाकून लावत नाहीत; जुन्या झाडाच्या बुडाशी जे फुटवे येतात त्या काश्या, त्या उपटून नव्या सरीत लावायच्या. बोरमळ्यात काश्या कुणी विकत नाही आणि विकतही घेत नाही. बाईनं बाईकडं जाऊन मागायच्या आणि देणारीनं हळदीच्या पाण्यात बुडवून तिच्या पदरात घालायच्या. पीक चांगलं आलं तर नाव देणारीचं होतं, आणि बिघडलं तरी देणारीचंच.

चांगुणाबाईंना पांढऱ्या काश्या झुंबरबाईंनी दिल्या होत्या.

दोघी एकाच माहेरच्या. वीस वर्षं एकाच टेम्पोत, एकाच पाटीवर टेकून नगरच्या फुलबाजारात जाणाऱ्या. त्या पिठाच्या गिरणीत समोरासमोर आल्या, तेव्हा गावातली, नगरच्या कॉलेजात नोकरी करणारी शुभांगी बाजरीचा डबा घेऊन रांगेत उभी होती.

"तुजी इहिरीवरची पांढरी फुलली. माजी का न्हाई?" चांगुणाबाईंनी विचारलं. गिरणीचा आवाज होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"एकाच वाफ्यातल्या हुत्या गं. माज्या हातानं उपटल्यात."

"हातानंच उपटल्यात ना? मंग कंची कुनाला द्यायची, ते हाताला ठावं असंल. चांगलं घरी ठिवलं आन् वांझ माज्या पदरात घातलं."

 झुंबरबाईंचं दळण अर्धं झालं होतं; तेवढंच पोत्यात भरून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पोत त्या मागं फुलांच्या पाट्यांवर बसल्या आणि चांगुणाबाई पुढं ड्रायव्हरजवळ. आठवड्याभरात गावात दोन बायकांनी पुढच्या सालच्या काश्यांसाठी झुंबरबाईंकडं टाकलेला शब्द मागं घेतला.

गिरणीतल्या भांडणाच्या दिवशी संध्याकाळी शुभांगीला घरी स्वस्थ बसवेना. काहीतरी तिला माहीत होतं आणि ते काय, हे आठवत नव्हतं. पायात चपला सरकवून ती फाट्याकडं चालू लागली.

फाट्यावर चौदा नंबरचा खांब होता. जूनपासून पुणे रस्त्याला उंच लोखंडी खांब आले होते, त्यांच्या मानेवर सोडियमचे दिवे. ते लागले त्याच संध्याकाळी जुने बुटके दिवे कायमचे बंद झाले, आणि पुढच्या आठवड्यात खात्याच्या माणसांनी त्यांची केबलही गुंडाळून नेली. कुणाला वाईट वाटलं नाही. जुना दिवा लागला, तर स्वतःच्या खांबाचा पाया तेवढा दिसायचा. नवा दिवा पेटताना आधी गुलाबी व्हायचा, मग पाच मिनिटांत नारिंगी, आणि मग फाट्यावरची मुंगीसुद्धा दिसायची. त्या उजेडात शुभांगीचा हिरवा दुपट्टा मातकट झाला. तिनं समोर पाहिलं. चांगुणाबाईंच्या पुढच्या बारा सऱ्या त्या उजेडात न्हात होत्या. झाडांच्या सावल्या ओढ्याकडं पडल्या होत्या आणि पांढरी संपून झिपरी सुरू होते तिथं पुसट होत होत्या.

ती उभी होती तिथंच तिला ते पान आठवलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक, उजव्या हाताचं पान, आकृतीत दोन कुंड्या. लघुदिवसी वनस्पती: रात्र पुरेशी लांब आणि सलग काळोखाची झाली, की ती कळी धरते. रात्रीत उजेड शिरला, की तिला वाटतं, दिवस अजून मोठेच आहेत, आणि ती नुसती पानं काढत राहते. उदाहरण म्हणून दिलेल्या झाडाचं नाव होतं क्रिसॅन्थिमम. शुभांगीनं त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. क्रिसॅन्थिमम म्हणजे आपल्या घरामागची शेवंती, हे तिला तेव्हा नावानं ठाऊक होतं. पण परीक्षा आणि रान यांचा रस्ता कधी एक झाला नव्हता.

तिनं खांबापासून पावलं मोजली. बाराव्या सरीपर्यंत अडतीस. झिपरी तिथून पुढं. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या: काश्या कुणाच्या, आणि दिवा किती लांब. चांगुणाबाईंनी पहिली धरली होती. दुसरी कुणी पाहिलीच नव्हती.

आणि पाहिली नव्हती तेच बरं होतं, असं तिच्या मनात आलं. कारण तो खांब फाट्यावर रोवला गेला तो तिच्या अर्जामुळं. खात्याच्या नकाशात खांब दोनशे पावलं पुढं होता. मार्चमध्ये तिनं अर्ज लिहिला, एक्केचाळीस सह्या नि अंगठे गोळा केले आणि खांब एसटीच्या थांब्यावर आणला. जुलैत तिला नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी लागली. सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडं असायची. पारनेर गाडी तिला सात वाजता फाट्यावर सोडायची, आणि तिथून घर पाऊण मैल.

"माजी दुधाची येळ ती," तिचे वडील, सहादू अण्णा, तेव्हाच म्हणाले होते. "धार काढून डेअरीत जायचं सोडून मला रोज फाट्यावर यायला जमायचं न्हाई. दिवा हाय, अर्धी वाट दिसती, म्हनून व्हय म्हनतो. दिवा गेला का नोकरी गेली. आधीच सांगून ठिवतो, मागनं रडायचं न्हाई."

दिव्याचं लक्षात आल्यावर दोन दिवस तिनं ते मनातच ठेवलं. जेवताना भाकरीचे तुकडे करून ते तसेच ठेवायची. तिसऱ्या दिवशी झुंबरबाई नळावर एकट्याच पाणी भरताना दिसल्या, बाकीच्या बायका त्यांचं भरून होईपर्यंत लांब उभ्या होत्या. आणि शुभांगी तशीच चांगुणाबाईंच्या घरी गेली.

"मावशी, काश्यांत दोष नाही. दिव्यात आहे."

चांगुणाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. "दिवा काय मुळाला लागलाय का माज्या?"

"झाडाला रात्र लागते. काळोखाची."

"मानसाला लागती. झाडाला काय पाठ टेकायची हाय?"

"तसंच समजा."

"ह्येच शिकवत्यात व्हय कालेजात? तरीच फी लई." त्यांनी हात झटकले. "झुंबरीनं धाडलं तुला?"

"नाही. तुम्हीच बघा ना करून. तुमची ही कोंबड्या झाकायची डालगी तीन द्या. मी शेणानं सारवून घेते, आत उजेडाचा ठिपका जायला नको. झुंबरबाईंच्याच काश्यांची, पहिल्या सरीतली, तीन झाडं रोज संध्याकाळी सहाला झाकायची आणि सकाळी सातला उघडायची. शेजारची तीन उघडी ठेवायची. महिनाभर."

"आन् कोंबड्या कुटं निजवू?"

"खाटेखाली."

"माज्या खाटंखाली." चांगुणाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "आन् न्हाई फुललं तर?"

"तर मी गिरणीवर येऊन सगळ्यांपुढं म्हणेन, माझं चुकलं."

"आन् फुललं तर?"

 "फुललं, तर काश्या चांगल्या होत्या," ती म्हणाली. ते खरंच होतं, पण पूर्ण नव्हतं.

कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. ती रोज सहाला रानात हजर असायची. डालग्यात बसतील अशी बुटकी झाडं तिनं निवडली, त्यांना सुतळी बांधली, वहीत सहा रकाने आखले. चांगुणाबाई झाकायच्या आणि ती कडेनं माती ओढायची. सकाळी उघडून शेंडे बघायची. घरी गेल्यावर वाटायचं, की सुतळी काचली असेल, झाड आत गुदमरलं असेल, चौथ्या झाडाचा शेंडा आपण नीट पाहिला नाही. की पुन्हा फेरी. आई म्हणाली, "लगीन ठरल्यावानी फिरायलीस."

तिला एक गोष्ट फार विचित्र वाटत होती. प्रयोग करणाऱ्यानं उत्तराकडं डोळे लावू नयेत, हे ती मुलांना सांगायची. इथं तिला दोन्ही उत्तरं नको होती. कळ्या आल्या नाहीत, तर झुंबरबाईंच्या नावावरचा डाग तसाच राहणार. आल्या, तर दिवा जाणार.

नवव्या दिवशी चांगुणाबाई लेकीकडं राहात्याला गेल्या, चार दिवसांसाठी. "डालगी तुज्यावर," एवढंच सांगून गेल्या.

अकराव्या दिवशी शुभांगी सहाला रानात आली. दिवा गुलाबी होऊन नारिंगी झाला. तिनं पहिलं डालगं उचललं आणि ते हातात धरून उभी राहिली. रस्त्यानं ट्रक जात होते, रानात कुणी नव्हतं. चांगुणाबाई परतेपर्यंत न झाकता ती घरी बसली असती, तर कुणाला कळणार होतं? महिन्याच्या शेवटी सगळी झाडं सारखीच हिरवी दिसली असती. ती म्हणाली असती, माझं चुकलं. लोक हसले असते. दोन डिसेंबरला कॉलेज सुरू झालं असतं आणि सात वाजता फाट्यावर मुंगी दिसेल एवढा उजेड असता.

तिनं डालगं खाली ठेवलं, झाडावर नाही, बाजूला. आणि घरी गेली.

रात्रभर कूस बदलण्यात गेली. सकाळी सातला उघडायला काहीच नव्हतं, तरी ती रानात आली. वहीत त्या दिवसापुढं तिनं लिहिलं: झाकलं नाही. पुढचा रकाना कारणाचा होता. तो तिनं मोकळा सोडला. त्या संध्याकाळी मात्र ती पावणेसहालाच आली आणि तिन्ही डालगी घालून कडेची माती पायानं दाबदाबून बसवली.

चोविसाव्या सकाळी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या झाडाच्या शेंड्यात बाजरीच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. तिनं भिंग लावलं. मग तिसरं झाड पाहिलं, मग पहिलं. तिन्हींवर मिळून सतरा. उघड्या तिन्हींवर शून्य. तिनं पुन्हा मोजलं. आकडा बदलला नाही.

चांगुणाबाईंनी वाकून बराच वेळ पाहिलं. बोट लावलं नाही. "झुंबरीला बोलीव," त्या म्हणाल्या. "आन् गिरणीवर कोन हाय तेबी येऊ दे."

आठदहा बायका बांधावर जमल्या. झुंबरबाई शेवटी आल्या आणि सगळ्यांच्या मागं थांबल्या. चांगुणाबाई शुभांगीला म्हणाल्या, "वाच तुजी वही. पयल्यापासनं. मला समदं ऐकायचंय."

शुभांगीनं वाचलं. अकरावा दिवस आला तशी ती अडखळली.

"अकरावी रात्र. झाकलं नाही."

"का गं?" चांगुणाबाईंनी विचारलं. "इसरलीस?"

"नाही. भ्याले." मान खाली घालून तिनं बाकीचं सांगून टाकलं: अर्ज, सह्या, खांब दोनशे पावलं अलीकडं कसा आला, आणि अण्णांची अट. "मीच आणला दिवा. प्रयोग फसला, तर दिवा राहील असं वाटलं. एक रात्र फसवला."

 मग मुक्ताबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "अंगठा म्याबी दिल्ता. मला काय ठावं, शेवंतीला झोप लागती."

बायका हसल्या. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्या गर्दीतून वाट काढत झुंबरबाईंपुढं गेल्या आणि पदर पसरला. "पुढच्या सालाला काश्या दे."

"हळद घरी हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

"मंग चल घरी."

जाताजाता चांगुणाबाई शुभांगीजवळ थांबल्या. "दिवा काडा, असं मी म्हननार न्हाई. माज्या बारा सऱ्या हायेत, तुजी नोकरी हाय. कांदा लावीन तितं."

"कांदासुद्धा दिवस मोजतो, मावशी."

"तो पन?" चांगुणाबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग तुजं तू बघ."

तीच खरी अडचण होती. भांडल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

सोमवारी ती एसटीनं जाता-जाता केडगावला उतरली आणि वायरमन श्रीमंत यांना गाठलं. दिव्याला रानाच्या बाजूनं पत्र्याची टोपी घालता येईल का, तिनं विचारलं.

"एवढ्या उंचीवर? वाऱ्यानं पत्रा उडून मोटारीवर पडला, तर माझ्या घरी तुम्ही भाकरी देणार का ताई?"

"मग शेवटची गाडी गेली की बंद करायचा?"

"सगळी लाइन एका घड्याळावर हाय. एकटा बंद करायचा तर वर चढून बल्बच काढायला लागतो. जुन्याला खाली बटन हुतं, आता जुनं ऱ्हायलंय कुठं?" त्यांनी विडी विझवली. "आन् त्याला कागद पायजे. ज्यानं मागितला त्यानंच नको म्हणून लिहून द्यायचं. दुसऱ्याचं चालत न्हाई."

दिवसभर ती प्रयोगशाळेत काचपट्ट्या पुसत राहिली, पुसलेल्यासुद्धा. मुलं गेल्यावर तिनं कपाटाला कुलूप लावलं, वहीतून एक पान फाडलं आणि अर्ज लिहिला. मार्चच्या अर्जाला तिला तीन मसुदे लागले होते, याला एकच. चौदा नंबरचा दिवा माझ्या मागणीवरून थांब्यावर आला, त्यानं शेजारच्या शेवंतीला फूल येत नाही, तो काढावा. खाली सही. सह्या गोळा कराव्या लागणार नव्हत्या.

रात्री तिनं अण्णांना सांगितलं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

"माजं म्या जुलैतच सांगितलंय," ते म्हणाले.

"मला नोकरी सोडायची नाही."

"मंग अंधारात येनार?"

"येईन."

"बग."

एवढंच. ते हो होतं की नाही, हे तिला कळेना. पुढचे तीन दिवस ते घरात फक्त म्हशींशी बोलले.

गुरुवारी श्रीमंतांनी शिडी लावून बल्ब काढल्याचं तिला टेम्पोवाल्याकडून कळलं. त्या दिवशी पारनेर गाडी केडगावला पंधरा मिनिटं खोळंबली. फाटा आला तसा कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "हितंच का? काय दिसंना."

"इथंच."

गाडी गेली आणि मागं उरलेला अंधार तिच्या अंगावर आला. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, हे ती मुलांना शिकवायची. वीस मिनिटं उभं राहायला कुणाला धीर आहे? ती चालू लागली. रस्ता सोडून गाडीवाटेला लागल्यावर पुढचं-मागचं एकच झालं. डाव्या हाताला शेवंती असणार, वास ओल्या मातीचा होता. तिनं पावलं मोजायला घेतली, म्हणजे मन दुसरीकडं जाणार नाही. एकशे दहा झाली तेव्हा समोर पाय वाजले.

ती थांबली. समोरचे पायही थांबले.

तिनं पिशवी छातीशी धरली. श्वास बारीक केला. समोरूनही कुणीतरी श्वास बारीक करत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.  मग अंधारातून आवाज आला, नको तेवढा मोठा आणि थोडा कापरा.

"कोन हाय रं तितं? बोल, न्हाईतर धोंडा घालीन."

"मी आहे, अण्णा."

समोरचे पाय दोन पावलं पुढं आले. मग, "मंग त्वांड उघडायचं न्हाई का?"

"तुम्ही पण उघडलं नाही."

"म्या म्हनलं, कोन असंल कोन न्हाई." त्यांनी घसा साफ केला. काहीतरी जड वस्तू हातातून खाली टाकल्याचा आवाज झाला. "आज उशीर केला गाडीनं."

"केडगावला थांबली होती. दुधाचं काय?"

"तुजी आई गेलीय डेअरीत. तिथल्या पोराला म्हनत असंल, माप मला दाव, मग वत. पयल्याच दिशी भांडून ठिवलं असंल."

ते वळले. ती त्यांच्या मागून चालू लागली. ते पुढं असले, की वाट कुठं वळते ते त्यांच्या चपलांवरून कळत होतं. बांध ओलांडताना त्यांनी मागं हात केला, तिनं धरला नाही, आणि त्यांनी तो परत घेतला.

"उंद्याबी ह्याच टायमाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् शनवारी?"

"शनिवारी अर्धा दिवस. साडेचारच्या गाडीनं येते."

ते आणखी थोडं चालले. घरातला उजेड झाडांमधून दिसायला लागला होता.

"मंग शनवारी म्या येत न्हाई," अण्णा म्हणाले.